मेघा आणि महत्

मी, रत्नमाला रामकिसन पैठणकर, वय ७३, तत्त्वज्ञानाची निवृत्त प्राध्यापिका, राहणार सिडको, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे; डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचा दबाव नाही. दबाव आणावा इतके जवळचे कोणी उरलेले नाही.

१. पतीच्या पश्चात माझ्या एकटीच्या नावावर असलेले सिडकोतील घर पारूबाई धोंडिबा साळवे, राहणार लासूर स्टेशन, यांना द्यावे. पुढे वाद नको म्हणून कारण नोंदवते.

माझी एकुलती मुलगी मेघा जन्मतः मतिमंद होती. ती चौदा वर्षांची असताना घरी बाहेरगावचे विद्वान जेवायला आले होते. मेघा अंगावर कपडे नसताना बैठकीत आली आणि सगळ्यांकडे बघून हसली. महिन्याभरात मी तिला लासूर स्टेशनजवळच्या निवासी संस्थेत ठेवले. पुढे एकोणीस वर्षे तिला न्हाऊ-माखू घातले ते तिथल्या पारूबाईंनी.

फेब्रुवारी २०१८ मध्ये मेघाला न्यूमोनिया झाला. त्या दुपारी माझे व्याख्यान होते. विषय ‘महत्’, म्हणजे प्रकृतीतून सर्वांत आधी जन्मणारी, अवघ्या विश्वाची मिळून एक असलेली बुद्धी. फोन बंद ठेवला होता. मी संस्थेत पोहोचले तेव्हा मेघाच्या तोंडावर चादर ओढलेली होती.

“मॅडम, फोन लई लावले,” पारूबाई म्हणाल्या.

“मला हाका मारत होती का?”

“नाय. आई आई करत व्हती, पण ते मला म्हणायची. मी तिथंच व्हते.”

खोटे बोलून माझे समाधान करणे त्यांना सोपे होते. त्यांनी ते केले नाही.

२. दीर सखाराम व त्यांच्या मुलांना काहीही देऊ नये. मेघाच्या तेराव्याला ते म्हणाले, “सुटलात, वहिनी.” मलाही क्षणभर तसेच वाटले होते. ते त्यांनी ओळखले, याची क्षमा नाही.

३. माझे सर्व ग्रंथ माझे विद्यार्थी बुद्धभूषण यांना द्यावेत. ते आता फुलंब्रीला शिकवतात. एकदा वर्गात त्यांनी विचारले होते, “मॅडम, बुद्धी सगळ्यांची एकच, तर कुणाला हाय अन् कुणाला नाय, हे ठरवलं कुणी?” मी म्हटले, “परीक्षेत हे येत नाही.” वर्ग हसला. त्यांची माफी मी या कलमाने मागते. मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी.

४. कपाटातील हस्तलिखित छापू नये. ते मेघा गेल्यावर लिहिले. सांख्यमतात महत् आधी, त्यातून अहंकार, म्हणजे ‘मी’. मेघा कधी ‘मी’ म्हणाली नाही. “मेघाला भूक” म्हणायची. त्यावरून ती महत्‌च्या आपल्या सर्वांहून जवळ होती, असे मी त्यात सिद्ध केले आहे. युक्तिवादात चूक सापडणार नाही. पण लेकीच्या मरणातूनही मी व्याख्यानच काढले. रद्दीत घालावे.

५. बँकेतील ठेव त्या निवासी संस्थेला, आजारी मुलांना शहरातल्या दवाखान्यात आणायला गाडी घेण्यासाठी. तेव्हा गाडी नव्हती.

६. निधनवार्तेत दीर-पुतण्यांची नावे घालू नयेत. ‘त्यांच्या पश्चात कोणी नाही’ एवढेच छापावे. हे दैवाने झालेले नाही, मी केलेले आहे.

सही: रत्नमाला रामकिसन पैठणकर

बाईंनी सर्व मजकूर आम्हांला वाचून दाखवला व आमच्यादेखत सही केली.
साक्षीदार: १. युसूफ नोमान शेख, शेजारी (सही)
२. डॉ. सुलेखा जाधव (सही)

छत्रपती संभाजीनगर, दि. १९ नोव्हेंबर २०२४