पन्नास मिनिटांची ओळ

३ जून
"चालतंय ना? मग हात लावू नका." साहेबांचं ठरलेलं वाक्य. चालतंय कसलं, रांगतंय! नदीच्या पाण्याचा अंदाज काढायला आमचा प्रोग्राम पन्नास मिनिटं घेतो. गेल्या वर्षी इशारा पोचला तेव्हा माझी बहीण भाचीला कडेवर घेऊन माळ्यावर बसली होती. ऑफिसातली मशीनं तर नवीकोरी आहेत. मग घोडं अडतंय कुठे?

४ जून
सापडलं! बिल्डच्या, म्हणजे प्रोग्राम तयार करायच्या, फाइलीत कुणा महाभागाने एक ओळ घालून ठेवली आहे — प्रोग्राम जुन्यात जुन्या प्रोसेसरलाही समजेल असाच बनवायचा. नवा प्रोसेसर आठ-आठ आकड्यांची बेरीज एका दमात करतो, आणि आम्ही त्याला एकेक मोजायला लावतोय! ओळीच्या वर लांबलचक टीप. असली रडगाणी मी वाचत नाही. ओळ उडवली, टीपही उडवली.

५ जून
अकरा मिनिटं. अकरा!!

९ जून
हाव सुटली. गणित जरा ढिलं ठेवून वेग वाढवणारा आणखी एक पर्याय चालू केला. नऊ मिनिटं — पण पाणी वीतभर कमी दाखवायला लागलं. गुपचूप बंद केला. अकरा तर अकरा.

१७ जून
साहेबांना दाखवलं. "परवानगी कुणाची घेतली?"
"पाण्याने कुणाची घेतली होती?"
संध्याकाळी नवा प्रोग्राम सगळ्या मशीनवर चढवला.

१८ जून
दुपारी धरणावरच्या काकांचा फोन. दारं तेच उघडतात, आमच्या आकड्यांवरून. "ताई, तुमचं ते नवीन उघडतच नाही हो! पाणी चौथ्या पायरीला लागलंय. किती दारं उघडू?"

इथल्या मशीनवर हिशेब लावला. अकरा मिनिटांत आकडे आले, फोनवरच एकेक दार वाचून दाखवलं. नंतर बहिणीचा फोन — "उंबऱ्यापर्यंत आलं. आत नाही आलं." रडलेच मी.

साहेब लगेच हजर. "सांगत होतो ना!" मी म्हटलं, पन्नास मिनिटं लागली असती तर काकांना काय वाचून दाखवलं असतं, रामरक्षा? यापुढे प्रोग्रामचे दोन बिल्ड. धरणावरच्या जुन्या मशीनला जुना, इथल्या नव्यांना नवा. "दोन-दोन सांभाळणार कोण?" मी!

त्या महाभागाला मात्र सोडणार नाही. ती ओळ काकांच्या जुन्या मशीनसाठी आहे, हे स्पष्ट लिहायला काय धाड भरली होती?

१९ जून
उडवलेली टीप जुन्या नोंदींतून परत काढली. "धरणावरचं मशीन जुनं आहे. ही ओळ काढली तर तिथे प्रोग्राम उघडणार नाही. हात लावण्याआधी काकांना फोन करा." खाली नऊ वर्षांपूर्वीची तारीख. आणि माझं नाव.