जुन्या पेशी आणि अण्णांची डबी

रविवार, संध्याकाळचे सात

अण्णांनी तंबाखूची डबी प्राचीच्या हातात दिली. माझ्या नाही. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचं डॉक्टरांनी सांगितल्यापासून मी, त्यांची लेक, तंबाखू सोडा म्हणून रोज विनवतेय, आणि काकांची ही मुलगी पुण्याहून येऊन अर्ध्या तासात डबी घेते!

ती म्हणाली, "काका, कांदे साठवायच्या चाळीत एक सडला की शेजारचे बिघडतात ना? रक्तवाहिनीत म्हाताऱ्या पेशींचं तसंच. त्या वाढत नाहीत, मरतही नाहीत, नुसता आजूबाजूला दाह पसरवतात. मग वाहिनी कडक होते, आत थर साचतो. तंबाखूने पेशी लवकर म्हाताऱ्या होतात. सोडा, म्हणजे त्या निघून जातील."

जन्मभर देवळ्याला कांद्याचा व्यापार केलेल्या माणसाला आणखी काय हवं? "पोरी, असं कुणी सांगितलंच नाही बघ मला." मला बाराखडी घरी शिकवणारे अण्णा तिच्यासमोर विद्यार्थ्यासारखे बसले होते.

ती गेल्यावर मी म्हटलं, "अण्णा, एकदा म्हाताऱ्या झालेल्या पेशी कांद्यासारख्या निवडून टाकता येत नाहीत. बऱ्याचशा राहतात." हे खरंच आहे. मी वाचलंय.

"मग आता सोडून काय उपयोग?" म्हणत त्यांनी प्राचीने टेबलावर ठेवलेली डबी उचलली.

पुढचं वाक्य माझ्या तोंडाशी होतं. सोडलीत तर निदान बाकीच्या पेशी इतक्या लवकर म्हाताऱ्या होणार नाहीत, पाय वाचेल. का नाही बोलले? चूक सुधारायची होती की प्राचीला खोटं पाडायचं होतं?

आत्ता उठून सांगायला हवं. पण "तंबाखू सोडा, हे प्राचीचं बरोबर होतं" इथून सुरुवात करावी लागेल.