पेटीपुढे चपला काढायच्या

कोपर, डोंबिवली
७ ऑक्टोबर १९९४

ती. कान्हादादास मालूचा नमस्कार.

दादा, काल रात्रभर मी झोपले नाही. शीलाला शॉक लागला. हात असा मागे फेकला तिने, की मी पिठाची परात टाकून धावले. मग रात्रभर तिच्या छातीवर हात ठेवून बसलेले.

ह्यांनी भंगारातून जुनी व्हिडिओ गेमची पेटी आणली, ती तुला माहीत आहे. आतलं कार्ड जळलेलं. ह्यांनी त्यात सेकंडहँड कॉम्प्युटर बसवला, दांडा आणि बटणं त्याला जोडायला सर्किट स्वतः बनवलं. चित्राची ट्यूब जुनीच. आता नवे गेम चालतात, चाळीतली पोरं खिडकीला लटकतात. मला पण कौतुक आहे रे. पण मी लादी पुसलेली, शीला अनवाणी, आणि तिने नाणं टाकायच्या पत्र्याला हात लावला. मग ह्यांनी लावून दाखवला, काही नाही झालं. म्हणाले, तू भित्री आणि पोरगी नाटकी. ह्यांच्या पायात स्लिपर होती, दादा.

मी सातवी शिकलेली, मला काय कळतंय. तू सांग. तुझी माया आहेच, फक्त ती जरा लवकर पोस्टात टाक.

तुझी मालू


माजिवडा, ठाणे
१० ऑक्टोबर

चि. मालूस आशीर्वाद, शीलाला पापा.

तू भित्री असतीस तर चंदूरावांशी लग्न केलं नसतंस. पण मस्करी इथेच पुरे. त्या पेटीत तांब्याच्या तारेचा जड ट्रान्सफॉर्मर असतो. तो जुन्या ट्यूबला मेन लाईनपासून वेगळं ठेवतो. कॉम्प्युटरला जागा करायला चंदूरावांनी तो काढला असणार. त्यात प्लग दोन पिनांचा. उलटा बसला की पत्र्यात करंट, सुलटा बसला की नाही. म्हणून कधी लागतो, कधी लागत नाही. ओल्या लादीवर अनवाणी पोर जीवानिशी जाईल, मालू. प्लग काढून ठेव. मी रविवारी ट्रान्सफॉर्मर घेऊन येतो, तोवर पेटी बंद. त्यांना म्हणावं, माझ्याच हाताखाली शिकलात, कान धरीन.

वहिनीची पण माया ह्यातच समज.

कान्हा


कोपर, दसऱ्याची सकाळ

दादा, रविवार लांब आहे. तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, कान्हादादा टीव्हीवाले, त्यांना कॉम्प्युटरमधलं काय कळणार. मागून बोलतात, पण तू समोर असलास की मान खाली.

आज कल्याणपलीकडे मोहनेला त्र्यंबकशेठच्या नव्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये पेटीचं उद्घाटन आहे. नोकरी गेल्यापासूनचं पहिलं काम, थांबायला तयारच नाहीत. मी झेंडूची फुलं आणायला गेले आणि तेवढ्यात टेम्पो निघाला. शीलाला पण नेलं. पहिला गेम लेकीच्या हातून खेळवणार म्हणे.

दादा, आधी फरशी धुणार, मग पूजा, नारळ, पाणी. पेटी म्हणजे लक्ष्मी, म्हणून चपला बाहेर काढायच्या, अशी पाटी ह्यांनी रंगवून नेलीये. शीला ऐकेल. देवापुढे चप्पल घालायची नाही, हे मीच शिकवलंय तिला.

नाक्यावरच्या फोन बूथवरून लावतेय, तुझ्या दुकानाचा फोन वाजतोय, उचलत कोणी नाही. पार्लरमध्ये अजून फोनच बसवलेला नाही. मी मोहनेला निघाले. ही चिठ्ठी बूथच्या फोनखाली दाबून जाते.

जो कोणी हे वाचेल, त्याच्या पाया पडते. माझा भाऊ कान्हा, त्याला फोन लावा. नंबर मागे लिहिलाय. त्याला सांगा, दुकान तसंच टाक, रिक्षा कर आणि सरळ मोहनेला ये. मी पोचले तरी ते माझं ऐकणार नाहीत, त्याचं ऐकतील. नाही उचलला तर परत लावा. लावत राहा.