पारूबाईंची दोन मडकी

एकोणीसशे नव्वदच्या सप्टेंबरातली एक दुपार. सेलूच्या भाड्याच्या खोलीत माझे यजमान पाटावर बसून उकडलेल्या शेंगा खात होते आणि ते सांगतील ते मी समोर बसून लिहीत होते. शेंग सोलताना ते थांबत, तेवढा वेळ मी पेन उचलून धरी. आमच्या संसारात अशा शेकडो दुपारी झाल्या. या एका दुपारीसाठी मला मृत्युपत्र करावे लागत आहे, म्हणून ती आधी लिहिली.

मी, श्रीमती रुख्मिणी बन्सीधर गिराम, वय ६७, निवृत्त शिक्षिका, राहणार सेलू, जि. परभणी, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण या कामाला गुडघे लागत नाहीत. मी हे कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. दबाव आणण्याचा एक प्रयत्न झाला, तो पुढे येईल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मला मूलबाळ नाही.

१. पोखर्णीचे सव्वातीन एकर शेत यजमानांच्या पश्चात माझ्या नावावर आले. ते पुतण्या महारुद्र याला द्यावे. तो ते कसतो आणि दर वर्षी ज्वारीचे पोते न मागता दारात आणून टाकतो. पाचवे कलम वाचताना हे पोते कोणी विसरू नये.

२. महारुद्रच्या आई, माझ्या जाऊबाई चतुराबाई, यांनी १९९६ साली लग्नघरासाठी नेलेले पितळी घंगाळ मी त्यांना कायमचे देत आहे. आता ते माळ्यावरून खाली काढायला हरकत नाही.

३. हे कलम गाळा, असे वकील म्हणाले. मी ठेवले आहे. गेली चार वर्षे मी या घरात बिअर करते. परवान्याशिवाय असे करणे गुन्हा आहे, हे मला ठाऊक आहे. एक थेंबही विकलेला नाही. ही कबुली समजावी. शिक्षेसाठी मी उपलब्ध नसेन.

भाची भक्ती हिने पुण्याहून एक बाटली आणली होती. त्रेसष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा अर्धा पेला घेतला. वास ओळखीचा निघाला, भिजत घातलेल्या ज्वारीचा. मी विचारले, ही घरी होते का? ती म्हणाली, "होते ना, मावशी. पण पहिल्यांदा नक्की बिघडते."

बिघडली. आमच्याकडे कीड लागू नये म्हणून ज्वारीच्या पोत्यात कडुलिंबाचा पाला घालतात. वर्षभरात त्याचा चुरा होऊन दाण्यांत मिसळतो. भाकरीसाठी मी ज्वारी नेहमी पाखडून घेते. या वेळी नाहीतरी शेवटी गाळायचेच आहे म्हणून पाखडली नाही. मागच्या खोल्यांत राहणाऱ्या आणि माझ्याकडे घरकाम करणाऱ्या पारूबाई आश्रुबा जाधव यांना पहिला पेला दिला. एक घोट घेऊन त्या म्हणाल्या, "बाई, धा वर्साचा पाडवा एकदाच पाजायलाव का काय?"

फोनवर भक्ती खूप हसली. मग तिने सांगितले की बिअरला कडूपणा लागतोच, इतर ठिकाणी तो एका वाळवलेल्या फुलाचा असतो. म्हणजे चूक अर्धी बरोबर होती. तेव्हापासून आम्ही ज्वारी पाखडतो आणि दारच्या कडुलिंबाची मोजून पाच पाने घालतो.

कृती भक्तीसाठी लिहिते. ज्वारी एक दिवस-रात्र भिजवावी. ओल्या फडक्यात बांधून तीन दिवसांत मोड येतात. गच्चीवर कडकडीत वाळवून मोड चोळून काढून टाकावेत, ज्वारीचे मोड विषारी असतात, ते पोटात जाऊ देऊ नयेत. गिरणीत जाडसर भरडावी. भरडा गरम पाण्यात तास-दीड तास झाकून ठेवावा. पाणी उकळते नको, बोट लावताच मागे घ्यावे लागेल इतपत हवे. गाळून, पाने घालून तासभर उकळावे, पूर्ण निववावे, मग मातीच्या मडक्यात ओतून बेकरीवाल्याकडचे यीस्ट टाकावे. भांडे, फडके, बाटल्या, सगळे उकळत्या पाण्यातून काढलेले असावे. झाकण सैल ठेवावे. यापुढचे मी पुस्तकातून शिकले नाही.

दुसऱ्या वेळी पारूबाईंनी मडक्याला कान लावला. "आजून बोलायलंय. गप झालं की मंग भरा."

"तुम्हाला कसे कळते?"

"मी काढत व्हते की दारू. तिकडं सोनपेठकडं, आमच्या गावाला. कोयत्याला जायच्या आदी दोन मडके लावायचे. मंग धाड पडली." त्या हसल्या. "दोन व्हते बाई, कागदावर सात लिवले. मी कोर्टात म्हनले, सायेब, ऱ्हायलेले पाच कुटं हायेत ते सांगा, मी डोक्यावर घिऊन येते. तीन म्हैने आत ठिवलं. पर अक्षर लय झ्याक व्हतं म्हनं. मोत्यावानी. आमचा वकीलच म्हनला."

मी फडके पिळत राहिले. त्यातले पाणी केव्हाच संपले होते.

४. माझे यजमान हातभट्टीवर धाडी घालणाऱ्या सरकारी पथकात कारकून होते. त्यांचे अक्षर वाईट, म्हणून पंचनाम्याची पक्की प्रत घरी मी करीत असे. पंचांच्या सह्या कोऱ्या कागदावर आधीच घेतलेल्या असत. त्या दुपारी ते म्हणाले, "रसायनाने भरलेली मडकी, दोन." मग शेंग सोलत थांबले आणि म्हणाले, "सात लिही."

"आत्ता दोन म्हणालात."

"दोनावर दंडाने सुटेल. महिनाअखेर आहे, केसेसचा आकडा भरायचाय. लिही तू."

मी लिहिले. जालन्याच्या कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर म्हणत, खोटे लिहिताना अक्षर वाकडे होते. माझे झाले नाही. वर नावही मीच लिहिले होते, पारूबाई आश्रुबा जाधव. सत्तावीस वर्षांनी त्या भांडी घासायला आल्या तेव्हा ते मला आठवले नाही.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्या हंगामात आश्रुबा अर्धा कोयता म्हणून एकटे गेले आणि त्यांची पाच वर्षांची मुलगी शेजाऱ्यांकडे राहिली. हेही मला पारूबाईंनीच सांगितले, बाटल्या धुताना, सहज. यजमान स्वभावाने वाईट नव्हते. त्यांनी सांगितले, पण लिहिले मी. चार वर्षे रोज संध्याकाळी आम्ही दोघी ओट्यावर बसतो. रोज सांगायचे ठरवते आणि रोज राहते. त्या उठून जातील, ही एकच भीती.

५. सेलूचे घर मी माझ्या पगारातून घेतले. ते स्वकष्टार्जित आहे, त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. मागच्या दोन खोल्या, नळ, संडास, गल्लीकडचे दार आणि कडुलिंबाचे झाड पारूबाईंना पूर्ण मालकीने द्यावे. राहण्यापुरते दिले असे कोणी म्हणू नये. त्यांच्या पश्चात ते त्यांच्या मुलीचे.

यंदा पाडव्याला महारुद्र टेप घेऊन त्या खोल्या मोजत होता. "काकू, म्हातारी हितंच ऱ्हायली तर मला गाळे काढता येत न्हाईत. तिच्या नावानं काई लिवून देऊ नका."

"अरे, मी अजून आत आहे."

"तुमच्या माघारचं बोलायलोय मी."

माघारचे मी वर लिहिले आहे. त्याने हरकत घेतल्यास पहिल्या कलमातील शेत त्याला न देता भक्तीला द्यावे.

६. घराचा पुढचा भाग, माझी पुस्तके, मोठे स्टीलचे पातेले आणि वरची कृती भक्तीला द्यावी. तिने परवान्याचे बघून मगच करावी. बँकेतील शिल्लक तिची. तयार बाटल्या निघाल्या तर एक चतुराबाईंना द्यावी. त्या मला गावभर भट्टीवाली म्हणतात, निदान चाखून म्हणाव्यात. उरलेल्या झाडाच्या मुळाशी ओताव्यात.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी भक्तीने करावी, ती या क्रमाने. आधी खोल्यांची किल्ली आणि कागद पारूबाईंच्या हातात द्यावेत. त्यानंतर चौथे कलम त्यांना सावकाश वाचून दाखवावे. आधी वाचू नये, नाहीतर ऐकून घेण्याबद्दल किल्ली मिळाली असे त्यांना वाटेल. त्या रागावल्या तर माझी बाजू मांडू नये. मग कपाटातले माझे हिरवे पेन त्यांना द्यावे, सात मडक्यांचा तो पंचनामा त्यानेच लिहिला होता. त्यांची मडकी पथकाने फोडली होती. हे पेन ठेवावे की फोडावे, ते त्यांनी ठरवावे. खोल्या कसेही झाले तरी त्यांच्याच.

ज्यांत आम्ही बिअर केली ती मातीची मडकीही पारूबाईंची. भक्तीने त्यांच्यासमोर मोजावीत, पावतीवर संख्या अक्षरांत लिहावी, वाचून दाखवावी आणि मगच त्यांचा अंगठा घ्यावा. मडकी दोन आहेत.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, पुन्हा वाचला आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली. त्यांनीही माझ्या देखत सह्या केल्या.

सही: रुख्मिणी बन्सीधर गिराम

साक्षीदार
१. धम्मदीप वाघमारे, निवृत्त शिक्षक, सेलू (सही)
२. डॉ. गोपीचंद मंत्री, सेलू (सही). लिहून देणार यांना आज तपासले, त्या पूर्ण शुद्धीत आहेत.

ठिकाण: सेलू, जि. परभणी
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५