रस्त्यावरून दिसते तेवढे

४ ऑक्टोबर

पोहोचलो एकदाच्या. सामान शाबूत आहे. फक्त टिटवीच्या आरशाचा टवका उडाला, आणि त्याबद्दल तिने हमालाला असे काही फैलावर घेतले की तो बिचारा चहा टाकून पळाला.

नोकरी मला पसंत आहे. गावाचा हा जुना भाग आहे तसा जपायचा म्हणून मंडळाने नियम केले आहेत. कोणी खिडकी मोठी केली, लाकडी कठड्याच्या जागी लोखंडी बसवला, भिंतीला भलताच रंग फासला, की मी आडवी यायचे. सूत्र एकच : रस्त्यावरून दिसते तेवढे आमचे. आत भिंती पाडा नाहीतर नाच करा, आमचा संबंध नाही. इतका स्वच्छ नियम मला बऱ्याच वर्षांनी भेटला.

राहायला मंडळाचेच घर आहे, याच गल्लीत. वरच्या मजल्यावर रस्त्याकडे रुंद खिडकी आहे. टिटवीने गुडघ्याचे निमित्त सांगून तिथे लगेच खुर्ची टाकली. टिटवी म्हणजे माझी धाकटी बहीण. हे नाव वडिलांनी ठेवले. तिला बोलण्यातून सवड मिळाली नाही म्हणून लग्न राहिले, असेही तेच म्हणत. माझी बदली होईल तिथे ती येते. माणसाला भांडायला घरचे कोणी लागतेच.

८ ऑक्टोबर

आज पहिली पाहणी. पद्धत जुनी आहे पण मला आवडली. आधी शिपाई घंटा वाजवत गल्लीतून जातो. घंटा ऐकली की लोक घरात, मागच्या खोल्यांत निघून जातात. गल्ली अशी रिकामी होते की झाडून काढल्यासारखी. मग आम्ही समोरच्या फरशीवर, ठरलेल्या दगडावर उभे राहून घर नीट पाहायचे आणि मी म्हणायचे, "आहे ते असेच राहो." झाली मंजुरी. त्यानंतर त्या दर्शनी बाजूला कोणी हात लावायचा नाही.

इथल्या गिलाव्याच्या कामाचे कौतुक करावे तेवढे थोडे. घराघरावर पुतळे आहेत. कुठे खिडकीत वाकलेली बाई, कुठे कठड्याला रेललेला म्हातारा. हाताच्या शिरासुद्धा सोडलेल्या नाहीत. मी कारागिराचे नाव विचारले तर मंडळाचे अध्यक्ष खोकायला लागले. भला माणूस आहे पण भित्रा. वाक्य सुरू करतो आणि माझ्याकडे बघून गिळतो.

शेजारची शिंपीण भेटायला आली होती. तिच्या गॅलरीत मिशीवाल्या पुरुषाचा पुतळा आहे, त्याच्यावर लहानसे छप्पर घालायचे आहे म्हणाली. थंडी जवळ आली, वगैरे. मी सांगितले की छपराने दर्शनी बाजू बदलते, सबब नाही. तिने पदर तोंडाला लावला. रडण्याने नियम वाकत नाहीत हे मी तिला शांतपणे समजावले.

१३ ऑक्टोबर

शिंपीण कपडे वाळत घालताना त्या पुतळ्याशी बोलते. टिटवीने खिडकीतून पाहिले आणि मला वर्दी दिली. वर म्हणाली, निदान तो उलट उत्तर तरी देत नाही, तुझ्यापेक्षा बरा. मग स्वतःच्याच विनोदावर जेवण होईपर्यंत हसत होती.

२१ ऑक्टोबर

आज आमच्याच घराची पाहणी झाली. झडपांची कुजलेली लाकडे बदलली होती. अध्यक्ष म्हणाले, तुमच्या घराचे राहू दे, काही घाई नाही. मी म्हटले, नियम सर्वांना सारखा. मी स्वतःला वगळले तर उद्या कोणाला तोंड दाखवू?

घंटा झाली तरी टिटवी खिडकीतच. आम्ही दगडावर उभे, आणि ही वरून ओरडते आहे की कपाटाची किल्ली कुठे ठेवलीस. अध्यक्षांनी माझी बाही धरली. आधी त्यांना आत जाऊ द्या, मी हात जोडतो, म्हणाले. चारचौघांत बाही धरलेली मला खपत नाही. "आपण घर पाहतो आहोत, माणसे नाही," असे मी सुनावले आणि ठरलेले शब्द म्हटले.

अध्यक्ष टोपी काढून तिथेच फरशीवर बसले.

२२ ऑक्टोबर

टिटवी खिडकीतून उठलेली नाही. मान वळत नाही म्हणते. गार वारे लागले असणार, मी किती वेळा सांगितले होते.

तिचे उच्चारही जड झाले आहेत. डॉक्टरांना बोलावले. त्यांनी पाठीमागून तपासले, वाकून तिच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिले आणि बॅग उचलली. हे माझ्याकडचे काम नाही म्हणाले. मग कोणाकडचे, असे विचारले तर जिन्यातून म्हणाले, गवंड्याकडचे.

२४ ऑक्टोबर

जसे आहे तसे लिहिते. मागून ती माझी बहीण आहे. पाठ ऊबदार आहे, श्वासाने खांदे हलतात, वेणी मी आज सकाळी घातली. पण कानांच्या पुढे चेहरा नाही, गिलावा आहे. गळा, छाती, खिडकीच्या चौकटीवर ठेवलेले हात, सगळे पांढरे, कोरडे, नखाने खरवडले तर भुकटी पडते. शाल खांद्यावर लोकरीची आणि पुढे चुन्याची.

रस्त्यावरून दिसते तेवढेच.

तोंड उघडे राहिले आहे, किल्लीबद्दल ओरडत होती तसे. ओठ हलत नाहीत. त्यामुळे ओठ मिटून बोलायची अक्षरे तिच्याकडे उरली नाहीत. अक्का म्हणता येते. दिवसभर तेच म्हणते.

२७ ऑक्टोबर

अध्यक्षांच्या घरी गेले. त्यांच्या गॅलरीतल्या म्हाताऱ्या बाईला मी पहिल्या दिवशी उत्तम नमुना म्हटले होते. आज मागच्या बाजूने पाहिली. त्यांची आई. शिंपिणीचा मिशीवाला तिचा नवरा.

मी रागावले. मला आधी का सांगितले नाही? ते म्हणाले, आधीच्या अधिकाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगितले होते. ते हसले आणि दुसऱ्या गाडीने परत गेले. अधिकारी हवाच. दरवर्षी प्रत्येक घरासमोर ते शब्द बोलले गेले नाहीत तर गिलावा सुटतो, आणि त्याच्याबरोबर माणूस. म्हणून नियम इतके कडक आहेत.

मी विचारले, मंजुरी मागे घ्यायचे शब्द कोणते? त्यांनी मान हलवली. आपण फक्त काय राहणार ते ठरवतो, म्हणाले.

३० ऑक्टोबर

दगडावर उभी राहून सुचेल ते बोलले. रद्द. चूक झाली. माझी बहीण सोडून बाकीचे राहो. येणारेजाणारे खाली मान घालून गेले. कोणी हसले नाही. हसले असते तर बरे वाटले असते.

३ नोव्हेंबर

खिडकीची चौकट कापायला सुतार बोलावला होता. करवत लाकडाला लागली आणि टिटवी किंचाळली. चौकटीतून रक्त आले. थोडेच. सुताराने हत्यारे आवरली आणि पैसे नकोत म्हणाला. चौकटीला मी पट्टी बांधली — लाकडाला पट्टी. आणि रस्त्यावरून दिसू नये म्हणून आतल्या बाजूने.

११ नोव्हेंबर

नळीने पातळ पेज आणि दूध देते. ती नाक मुरडू शकत नाही, पण अळणी झाले की खुर्चीखाली पाय आपटते. पाय तिचे आहेत. गुडघाही अजून दुखतो. ते दुखणे तरी न्यायला हवे होते त्या — कोणाला शिव्या देऊ? शब्द माझे होते.

१९ नोव्हेंबर

थंडी पडली. शिंपिणीच्या नवऱ्याचे नाक आज सकाळी रस्त्यावर पडले. तिने ते ओच्यात घेतले. मी वर खिडकीशी उभी होते. तिने माझ्याकडे पाहिले.

दुपारी मी टिटवीवर छप्पर घालावे म्हणून मंडळाकडे गेले. अध्यक्षांनी माझाच निर्णय मला वाचून दाखवला. फार हळू वाचला.

त्यांचे बरोबर आहे. चौकटीला करवत लावली तर काय झाले ते मी पाहिले आहे. चौकटीबाहेर छपराचे खिळे ठोकायचे म्हणजे —

२६ नोव्हेंबर

तडा. उजव्या ओठाच्या कोपऱ्यापासून. केसाएवढा.

२९ नोव्हेंबर

गालापर्यंत आला. आत ओले दिसते. शिंपिणीकडे गेले, उंबऱ्याबाहेर उभी राहिले. तिने बराच वेळ शिवणकाम चालू ठेवले. मग सांगितले : बोलताना तोंडातून वाफ येते. चुना ती पितो. रात्री गोठते आणि चिरते. नवऱ्याचा तडा डोळ्याखाली आल्यावर तिने त्यांचे तोंड आतून चुन्याने भरले. तेव्हापासून नाकाने श्वास आणि नाकातूनच नळी. नाक गेले ते थंडीने, पण ते जगले.

आणि कोणाचे भरलेच नाही तर? गल्लीच्या टोकाच्या बाईचे भरले नव्हते, म्हणाली. तडा डोळ्याशी पोहोचला त्या रात्री चेहरा रस्त्यावर आला.

मी विचारले, मग ते बोलतात का. तिने सुई थांबवली. "बाईसाहेब, ते तुमच्या बहिणीसारखेच बडबडे होते." मग म्हणाली, काळजी करू नका, नियमात बसते. बाहेरून काही फरक दिसत नाही.

२ डिसेंबर

टिटवीला म्हटले, बोलू नकोस. थंडी सरेपर्यंत फक्त. हातावर बोटाने लिहून दाखव — पण हात कुठे. पाय एकदा आपट म्हणजे हो, असे ठरवले.

तासभर गप्प राहिली. जन्मात पहिल्यांदा. मग लागली बोलायला. एकटीला आत भीती वाटते, असे काहीसे. अर्धी अक्षरे नसतात, मी जुळवून घेते.

ओरडले तिच्यावर. मग मागून धरून बसले.

४ डिसेंबर

रात्री लोकरी कापड तोंडावर धरून उभी राहिले. सकाळी कापड गोठलेले, आणि काढताना ओठाचा तुकडा — जपून ठेवला आहे.

तडा डोळ्याच्या खाली.

५ डिसेंबर

चुना मळला आहे. अध्यक्षांनी स्वतः आणून दिला, मऊ, जुना भिजवलेला. दारातच ठेवून गेले.

तिला सांगितले. सगळे सांगितले, काही लपवले नाही. मग पाय एकदा आपटला.

मग म्हणाली, "अक्का, आधी एक ऐक. हसशील."

ऐकते म्हटले.

शाळेतली गोष्ट आहे. मी वर्गाची मॉनिटर, ती बाकाखाली लपलेली — मला आठवत नाही. ती म्हणते असे घडले. बाई आल्या, बाकावर मांजर — की टोपी — अक्षरे नीट येत नाहीत. मी पुन्हा विचारते, ती पुन्हा सांगते.

भुकटी पडते आहे. वहीवरही.

वाटी मांडीवर घेतली आहे. चुना वर सुकायला लागला, पाणी शिंपडले.

संपव म्हटले. ती आणखी एक सांगते आहे. आता आईची. तिचे खांदे हलतायत, हसतेय — पाठीला हात लावून पाहिले, हसतेच आहे.

तडा पापणीला —

टिटवे, पुरे. एवढी झाली की मी हात लावणार. हो म्हण.

पाय आपटत नाही. सांगतेच आहे. आईने दाराला कडी लावली आणि बाहेरून कोणी —

कोण होते ग बाहेर? लवकर सांग, तुझा डोळा —