गिअरबॉक्स धरेल का?

७ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न.

रागावशील म्हणून आधी कळवलं नाही. गाडीच्या इंजिनाची ताकद वाढवून घेतली. ही गेल्यापासून तू ये ये म्हणतेस आणि मी 'गाडी डोंगर चढताना दमते' असं सांगत राहतो. आता ती दमत नाही, नुसती उसळते. काम करणारा म्हणाला, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कंपनीचाच राहू दे, सहज झेपेल. पण हल्ली गिअर बदलताना इंजिन ओरडतं आणि गाडी मागाहून हलते. बाबांनंतर गिअरबॉक्सचं वर्कशॉप तूच चालवतेस, म्हणून विचारतो, खरंच झेपेल का?

बाकी ठीक. स्वयंपाक अजून दोघांचाच होतो.

आठवण ठेव.
तुझा ठोंब्या

१५ ऑक्टोबर

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून कपाळावर हात मारला. अरे, कंपनी गिअरबॉक्स गरजेपेक्षा थोडा दणकट बनवते. तेवढ्यावर सपाट रस्त्याला तो पुष्कळ निभावून नेईल. पण आतल्या चकत्या एकमेकींना दाबून धरतात म्हणून गाडी चालते. ताकद फार झाली की त्या घसरतात, तापतात आणि तेल करपतं. बाबा करायचे तसं कर. तेलाचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकून पाठव. वास मात्र तूच घेऊन लिही, पोस्टात तो उडून जातो.

माझा मदतनीस काम सोडून गेला. रेडिओ दिवसभर बोलतो, पण मला काही विचारत नाही.

जेवत जा वेळेवर.
ताई

२४ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न.

थेंब सोबत आहे. इस्त्रीखाली कापड विसरावं तसा वास येतो. गाडी मात्र घर ते ऑफिस एवढीच चालते, तीही सपाट रस्त्यावर.

ओरडू नकोस.
ठोंब्या

१ नोव्हेंबर

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद.

थेंब तपकिरी आहे आणि मध्ये काळा चुरा आहे. मला थापा मारू नकोस. पाय दाबून मोठा चढ चढल्याशिवाय तेल असं होत नाही, आणि तुझ्या बाजूला चढ एकच, आपल्या डोंगराचा. वरपर्यंत येतोस आणि परत जातोस ना रे?

खरं लिही.
ताई

९ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न.

हो. दर रविवारी येतो. वरच्या वळणावरून तुझ्या वर्कशॉपचं निळं छप्पर दिसतं. तिथे थांबतो आणि शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत बसतो. तू दार उघडशील आणि सवयीने माझ्या मागे तिला शोधशील. ते बघायचं धाडस होत नाही, म्हणून गाडी वळवतो. चढाची सबब नको म्हणून इंजिन वाढवलं, आणि आता गिअरबॉक्सही घालवला. फार एकटं वाटतं गं.

समजून घे.
ठोंब्या

१६ नोव्हेंबर

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद.

शोधीनच मी तिला. मग दोघं मिळून रडू, त्यात काय बिघडलं?

आता नीट ऐक. इंजिन आधी होतं तसं करून घे. मग चढ सावकाश चढ, मध्ये थांबून गाडी थंड होऊ दे. चकत्या मी इथे बदलीन.

आणि एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. पोस्टात वास उडतो वगैरे मी उगाच लिहिलं. गेल्या हिवाळ्यातल्या तापापासून मला वासच येत नाही. गिऱ्हाइकासमोर तेल नाकाशी धरते आणि रंगावरून बोलते. दूध करपलेलं धूर दिसल्यावर कळतं, तेव्हा स्वयंपाकघरात एकटीच उभी असते. तुझा गिअरबॉक्स उघडीन तेव्हा शेजारी उभा राहा आणि तेलाचा वास कसा येतो ते मला सांग. मला तुझी गरज आहे.

वरच्या वळणावर थांबलास तरी पुढे उतारच आहे. रविवारी सकाळपासून दार उघडंच ठेवते, म्हणजे ते मला उघडावं लागणार नाही.

वाट बघते.
ताई