ऑनलाइन वर्गाचा पंच

१२ जानेवारी २०१७, जेवणाच्या सुट्टीत

आणि वरून मलाच म्हणते, दादा, मी सांगीन तेवढंच लिही. म्हणजे मी काय टाइपरायटर आहे? मोबाइल माझा. नेट माझं. आमच्या गावात पाण्याच्या टाकीवर चढावं तेव्हा टॉवरची एक दांडी दिसते; तेवढ्यात वाचता येते, लिहिलेलं जात नाही. इथे हैदराबादला टाइल्सच्या गोदामात चार-चार दांड्या फुकट उभ्या आहेत. तरी रुबाब तिचा!

रीता म्हणजे माझी लहान बहीण. बालवाडी शिक्षिकेचा कोर्स करून राहिली. पुस्तकं पोस्टाने येतात, पेपर गोंदियाच्या सेंटरला. पण शंभरातले तीस मार्क ऑनलाइन चर्चेचे. दर हप्त्याला आपलं एक मत लिहायचं, दुसऱ्या दोघांना उत्तर द्यायचं. चर्चेत नापास तर सर्टिफिकेट नाही. गावाजवळच्या देवरीच्या एका शाळेने तिच्यासाठी जागा धरून ठेवली आहे, तीही फक्त जूनपर्यंत.

म्हणून ठरलं. ती फोनवर सांगेल, मी तिच्या नावाने टाइप करीन. मी नववी नापास आहे हे खरं. पण बोलण्यात आजवर नापास झालेलो नाही.

१५ जानेवारी

वर्ग पाहिला. ३८ जण. सगळ्या बायाच. कोणाला रीतभात नाही. आली की धाडकन मतच मांडते. आमच्या गावच्या बैठकीत असं कोणी तोंड उघडून दाखवावं! पहिले राम राम. मग कोणत्या गावचे, कोणाच्या घरचे. मग धान कसं झालं. मुद्दा चहानंतर.

रीताने चार ओळी सांगितल्या होत्या. त्या राहू दिल्या. आधी ३८ जणींना वेगवेगळा राम राम घातला आणि गाव-घर विचारलं. दोन तास गेले. एक ट्रक न उतरवता तसाच उभा राहिला. सुपरवायझर तेलुगूत बोलला, म्हणून मनावर घेतलं नाही.

१६ जानेवारी

अकरा उत्तरं! नाशिकची बाई विचारते, कोणाच्या घरचे म्हणजे काय? शहरात हे असंच. पण तिरोड्याच्या दुर्गेश्वरीने पूर्ण उत्तर दिलं. कुळ, मामाचं गाव, जमीन किती, कालव्याचं पाणी पोचते की नाही, सगळं. याला म्हणतात चर्चा.

माझा रूम पार्टनर खेमराज, कोहमाऱ्याचा, मागून वाचत होता. म्हणे, काऊन बे, बहिणीच्या नावानं सोयरीक पाहून राहिला का? खालच्या विचारांचा माणूस आहे.

२२ जानेवारी

नवा विषय. दोन मुलं एकाच खेळण्यातल्या गाडीवरून भांडली तर शिक्षिका म्हणून काय कराल?

रीता म्हणते, दोघांचं ऐकून घ्यायचं, मग पाळीपाळीने खेळायचं त्यांनाच ठरवू द्यायचं. इतकं नरम! मुलांनी ठरवायचं तर पगार कायचा?

मी खेमराज आणि तीन लोडर यांना टाइल्सच्या पेट्यांवर बसवलं. दोन्ही बाजू मांडल्या. निकाल असा लागला: गाडी कपाटात जमा. दोघांच्या बापांना बोलावणं. ज्याने हिसकली त्याच्या बापाने शाळेत एकवीस रुपये आणि एक नारळ द्यावा. खाली पाचही पंचांची नावं टाकून वर्गात लावून दिला.

सांगलीच्या बाईने विचारलं, ताई, हे मत आहे की निकाल? मी लिहिलं, निकाल.

२९ जानेवारी

आठ दिवसांत कोणीच काही लिहिलं नाही. एवढा मान मला गावातही मिळाला नव्हता. पंच बोलल्यावर विषय उकरतो कोण?

शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं, बाकीच्यांचं काय मत? मी सगळ्यांच्या वतीने कळवलं की प्रकरण मिटलं आहे.

निश्चय: यापुढे रीताला विचारूनच लिहायचं. उद्यापासून.

५ फेब्रुवारी

सांगलीची बाई उलटली. म्हणते, लहान मुलांच्या भांडणात बापांना ओढू नये. निकालानंतर असं बोलणं म्हणजे बैठकीचा अपमान. तिला नारळाचा दंड केला.

तिने खरंच नारळाचा फोटो पाठवला. खाली वीसेक जणींनी हसण्याची चित्रं टाकली. माणूस सुधारला की लोकांना आनंद होतोच. मी ‘दंड मिळाला’ असं लिहून दिलं. खेमराज विचारून राहिला, प्रसाद कुठे आहे.

रीताचा फोन येऊन गेला. ट्रक लागला होता म्हणून उचलला नाही.

१२ फेब्रुवारी

आज अनुभवातून लिहिलं. बारा टन टाइल्स उतरवताना मी दोन हमालांचं भांडण कसं सोडवलं, एकाला काखेत धरून, ते सविस्तर. नाशिकची लिहिते, ताई, केवढी हो तुमची ताकद! तेव्हा आठवलं की इथे मी रीता आहे. लिहिलं, शेतीचं काम आहे घरी. चौदा अंगठे मिळाले.

रीताने शेवटी पकडलंच. बाबांचा मोबाइल घेऊन टाकीवर चढून सगळं वाचलं होतं तिने. म्हणे, दादा, हे काय करून राहिला तू? मी म्हटलं, तुझं नाव करून राहिलो. ती म्हणे, माझं नाव करू नको, माझं मत लिही. आवाज कटला. टाकीवर वारा फार असतो.

१९ फेब्रुवारी

आता वर्गच माझ्याकडे येऊन राहिला. नाशिकची, सासू वॉशिंग मशीनला हात लावू देत नाही. दुर्गेश्वरी, शेजाऱ्याने दोन शेतांमधल्या धुऱ्याची माती कापली. तीन प्रकरणं एका रविवारी मिटवली. मॅडमचे दोन प्रश्न तसेच पडले आहेत, पण सगळेच मुद्दे घ्यायला वेळ कुठे?

तीसपैकी तीस धरून चालतो. जास्त देता येत नाहीत हा त्यांचा नियम.

५ मार्च

शून्य.

मॅडमनी बाबांच्या नंबरवर फोन केला. बाबांनी, म्हणजे श्यामलाल पटलेंनी, राम राम केला आणि विचारलं, कोणत्या गावच्या? मग रीताने फोन घेतला आणि खरं ते सांगून टाकलं. माझ्याबद्दल काय सांगितलं, ते बाबा सांगत नाहीत.

मॅडम भल्या निघाल्या. सगळ्या वर्गाची चर्चा पुसून पहिल्यापासून सुरू केली. रीताला एकच संधी. चार रविवार गोंदियाच्या सेंटरला जाऊन समोरासमोर चर्चा करायची. जमलं तर तीस मार्क. नाही तर देवरीची जागा दुसरीला.

मी तिला लगेच म्हटलं, सुट्टी काढून येतो, मागच्या बाकावर बसतो, अटकलीस तर हात वर करून बोलतो.

ती म्हणे, दादा, मले बोलता येते. तू बोलू देशील तवा ना.

आवाज कटून राहिला असं सांगून मी फोन ठेवला. नेटवर्क पूर्ण होतं.

६ मार्च

पासवर्ड बदलला तिने. जुना तीनदा टाकून पाहिला. तपासायला म्हणून.

चर्चेत काय बोलावं याचे अकरा मुद्दे लिहून तिला पाठवायला घेतले. खेमराज मागून वाचत होता. खोडले.

देवरी ते गोंदिया, चार रविवार, जाणं-येणं, वर चहा-नाश्ता. सोबत एक शब्द न लिहिता पाठवून राहिलो: आठशे चाळीस रुपये.